नागपुरात जॅझ ऐकवायचंय? आधी कूलर बंद करा

मी केलेली पहिली चूक तुम्ही करू नका. धरमपेठेतल्या घरी सात-आठ जण बोलावले आणि उत्साहाच्या भरात थेट अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' हा अल्बम लावला, अख्खा, म्हणजे अर्धा तास आणि वर थोडं. दहाव्या मिनिटाला एक जण म्हणे, "भाऊ, हे सुरू कधी होते?" बाकीचे बाल्कनीत, तर्री पोह्याच्या गोष्टी सुरू. अल्बम महान आहे, वादच नाही, पण ज्याला तिखटाची सवय नाही त्याला आपण पहिल्याच दिवशी सावजीचा रस्सा वाढतो का?

आता मी सुरुवात हिंदी सिनेमाचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजेच रामचंद्र चितळकर, यांच्यापासून करतो. चितळकर गाणं शिकले ते आपल्याच नागपुरात, हे सांगितलं की लोकांचे कान अर्धे उघडतात. मग 'अलबेला'तलं (1951) 'शोला जो भडके' लावायचं, त्यावर 'ईना मीना डीका' (1957). सगळे गुणगुणत असतात तेव्हाच हळूच सांगायचं की चितळकरांचा सहायक चिक चॉकलेट, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्याचा ट्रम्पेटवाला, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचा आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग (अमेरिकेचा गाजलेला जॅझ ट्रम्पेटवादक) म्हणायचे. मग पुढचं गाणं आर्मस्ट्राँगचं, वेगळी ओळख द्यायची गरजच नाही.

शास्त्रीय ऐकणारे घरात असतील तर काम अजून सोपं. त्यांना सांगा, आधी मुखडा येतो, मग प्रत्येक जण त्याच आवर्तनात आपापला विस्तार करतो आणि शेवटी परत मुखडा. ड्रमवाला आणि सॅक्सवाला चार-चार बार (बार म्हणजे मोजायचा छोटा तुकडा, बहुतेक वेळा चार मात्रांचा) वाटून घेतात ते म्हणजे आपला सवाल-जवाब. सोलो संपला की टाळ्या वाजवायच्या असतात, शेवटपर्यंत गप्प बसायचं नसतं, हे आवर्जून सांगा, कारण अर्धे लोक "मधेच टाळी वाजवली तर हसतील" म्हणून अवघडून बसलेले असतात. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं 'सो व्हॉट' (1959) लावलं की मी एवढंच म्हणतो, स्वर काफी थाटाचे आहेत, सोळा बार झाले की अख्खं प्रकरण अर्धा स्वर वर सरकेल, आठ बार तिथेच राहील आणि मग खाली येईल, सरकलं की बोट वर करा. एका काकूंनी माझ्या आधी बोट वर केलं होतं! त्याच वर्षीचं डेव्ह ब्रुबेकच्या बँडचं 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं, तीन अन् दोन, मांडीवर ताल धरायला लावा. आणि हो, हे सगळं कूलर बंद करून, नाहीतर डबल बास (खर्जात वाजणारं मोठं उभं तंतुवाद्य) कुठला अन् कूलरचा पंप कुठला ते कळत नाही.

एकूण चार-पाच गाणी, पाऊण तास, बस. अजून लावा म्हणाले तरी लावायचं नाही.

नवीन वादकांना सुटं पुढे करू नका, जुन्या नावासोबत जोडा. म्हणजे लुई बँक्सचा पियानो ऐकवला की त्याचाच मुलगा जिनो बँक्स ड्रमवर, मग बासवर मोहिनी डे, गिटारवर ऱ्हिदम शॉ. मी दर रविवारी व्हॉट्सॲपवर एकच लिंक टाकतो, खाली दोन ओळी आणि कितव्या मिनिटाला काय ऐकायचं ते. दहा लिंका टाकल्या तर कोणी एकही उघडत नाही. आवडलं तर बँडकॅम्प या वेबसाइटवरून विकत घ्या म्हणून सांगा, तिथे मोठा वाटा वादकाकडे जातो, नुसत्या स्ट्रीमवर पोरांचं काही भागत नाही.

लाइव्ह करायचं असेल तर गावातली पोरं शोधा, चर्चमधले कीबोर्डवाले, कॉलेज बँडमधले ड्रमर, तिघं पुरतात. कॅफेवाल्याशी आधी बोलून घ्या, टीव्ही बंद म्हणजे बंद. एका ठिकाणी आमचा सोलो रंगात आला आणि मालकाने मॅचचा आवाज वाढवला, सिक्सर बसला म्हणे. परवानगी, संगीताचं लायसन्स हे कोण काढणार तेही तेव्हाच ठरवा आणि दहाच्या आत स्पीकर बंद. पोरांना पैसे द्या, "एक्स्पोजर मिळेल बे" हे ऐकून ऐकून ती कंटाळलीयेत. तिकीट शंभर-दीडशे ठेवा, फुकट म्हटलं की लोक हो म्हणतात अन् येत नाहीत.

30 एप्रिलला आंतरराष्ट्रीय जॅझ दिवस असतो, मुहूर्त चांगला आहे, पण आपल्याकडे तेव्हा ऊन काय असते ते सांगायला नको, त्यामुळे संध्याकाळी साडेसातला, एसीत. पोस्टर मराठीत करा, "सुरेल मेजवानी" वगैरे नको, कोण काय वाजवणार, किती वेळ, पार्किंग कुठे, एवढंच. दारात एक वही ठेवा, नंबर लिहून घ्या आणि पुढची तारीख लोक चपला घालत असतानाच सांगून टाका, दुसऱ्या दिवशी मेसेज केला तर निम्मे विसरलेले असतात.