डिझेल गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह: आधी तपासा, मग खोला

सायलेन्सरकडे निघालेल्या धुराचा काही भाग पुन्हा इंजिनातच सोडायचा, हे ऐकायला उलटं वाटतं. पण ईजीआरचं (एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन, म्हणजे धूर पुन्हा फिरवणारी यंत्रणा) काम तेवढंच. हवेतला ७८ टक्के नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. सिलिंडरमधलं तापमान साधारण १४०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं, की मात्र तो ऑक्सिजनशी झपाट्याने जोडला जातो आणि घातक नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. एकदा जळलेल्या वायूत ऑक्सिजन कमी असतो. हा वायू ताज्या हवेत मिसळला की हे तापमान उतरतं. आधी ईजीआरच्या कूलरमध्ये कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) त्या धुराची उष्णता काढून घेतं. किती धूर आत सोडायचा ते व्हॉल्व्ह सांभाळतो: हलक्या भारावर बराच, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की जवळजवळ काहीच नाही.

घोटाळा होतो तो काजळीचा. धुरातली कोरडी काजळी आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागातून) इनटेककडे म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेकडे येणारी ऑइलची वाफ एकत्र आली की डांबरासारखा चिकट थर बसतो आणि व्हॉल्व्ह अडकतो. उघडा अडकला तर आयडलिंग खडबडतं, काळा धूर येतो, पिकअप मरतो. बंद अडकला तर चालवताना फारसं जाणवत नाही, फक्त चेक इंजिनचा दिवा लागतो.

हीच लक्षणं फाटलेल्या टर्बो होजची किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरचीही असतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. पी०४०१ म्हणजे धुराचा प्रवाह कमी, पी०४०२ म्हणजे जास्त, पी०४०३ म्हणजे वायरिंगची भानगड. या तिसऱ्या कोडवर व्हॉल्व्ह कितीही घासला तरी उपयोग नाही.

एक साधी चाचणी घरीही होते. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, ईजीआरची कमांड (व्हॉल्व्ह किती उघडायचा याचा कॉम्प्युटरचा हुकूम) शून्य नाही ना ते स्कॅनरवर पाहा आणि एमएएफ सेन्सरचा (आत येणारी ताजी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा टिपा. मग इलेक्ट्रिक व्हॉल्व्हचा कनेक्टर काढा. धूर थांबला की त्याची जागा ताजी हवा घेते, त्यामुळे आकडा स्पष्ट वाढायला हवा. तो हललाच नाही तर व्हॉल्व्ह अडकलाय, नाहीतर वाट तुंबलीय. या चाचणीमुळे एक कोड पडतो, तो नंतर पुसून टाका.

आता सफाई. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

१. कनेक्टर आणि पाइपचे क्लॅम्प सोडवा. व्हॉल्व्हला कुलंटचे होज असतील तर खाली भांडं ठेवा.

२. बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून सैल करा. काजळीने धरलेल्या बोल्टवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून १५-२० मिनिटं थांबा. घाई केली की बोल्ट तुटतो आणि अर्ध्या दिवसाचं काम तीन दिवसांचं होतं.

३. हातमोजे, मास्क आणि चष्मा घालून मोकळ्या हवेत कार्ब क्लीनर फवारा, दहा मिनिटं भिजू द्या, मग नायलॉन ब्रशने घासा. मोटरची बाजू वर ठेवा, म्हणजे द्रव तिच्यात उतरणार नाही. स्क्रू ड्रायव्हर घालून झडप जबरदस्तीने फिरवू नका, आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दात तुटतात.

४. इनटेकच्या तोंडाशी साचलेला थर व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप धरून खरवडा. सुटा तुकडा आत पडला तर थेट सिलिंडरमध्ये जातो.

५. गॅस्केट नवीनच घाला. बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा जोर) गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघून टॉर्क रेंचने आवळा.

कुलंट भरून त्यातली हवा काढा, कोड पुसा. काही गाड्यांत व्हॉल्व्हची बंद स्थिती स्कॅनरने नव्याने शिकवावी लागते. ते राहिलं तर चकचकीत व्हॉल्व्ह लावूनही पी०४०४ येतो.

‘प्लेट टाकून धुराची वाट बंदच करा ना’ हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही, त्यामुळे ही चलाखी पचते. पण ती कायद्यात बसत नाही, आणि बीएस६ गाडीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) प्रवाह नाही हे ओळखून बहुधा इंजिनाची ताकदच कमी करतो.

साफ केलेला व्हॉल्व्ह काही महिन्यांतच पुन्हा भरला तर इंजेक्टर आणि टर्बोचं ऑइल सील तपासा. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर आठवड्यातून एकदा हायवेवर वीसेक मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर पळवा. आणि बाहेर कुठेही गळती नसताना कुलंट कमी होत असेल, गरम इंजिनातूनही गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर व्हॉल्व्ह राहू द्या. कूलर फुटलाय का ते प्रेशर टेस्ट करून घ्या. तोवर गाडी चालवू नका: ते पाणी सिलिंडरमध्ये साचलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.