मदतनिधीच्या चढाईत प्रार्थनापताका नेताना

मदतनिधीसाठी एव्हरेस्ट बेस कॅम्पपर्यंत (५,३६४ मीटर) जाणाऱ्यांनी प्रार्थनापताकांची (मंत्र छापलेल्या पाचरंगी बौद्ध पताकांची) माळ काठमांडूत बौद्धनाथ स्तूपाभोवतीच्या दुकानांतून घ्यावी. मात्र चकचकीत पॉलिस्टरऐवजी सुतीच निवडावी, कारण सूत वाऱ्यापावसात विरून जाते आणि पॉलिस्टरचे धागे डोंगरावर कचरा होऊन उरतात. देणगीदारांची नावे लिहायची असल्यास ती निघण्यापूर्वीच पक्क्या शाईच्या मार्करने, छापील मंत्र न झाकता, कडेला लिहावीत. दोरीच्या दोन्ही टोकांना आधीच मोठे फास करून ठेवावेत, कारण जाड हातमोज्यांत गाठ मारता येत नाही (आणि हातमोजे काढले, तर बोटे बधिर होतात). बांधताना माळ जमिनीला टेकू देऊ नये आणि डावीकडून निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा हा क्रम राखावा. माळ मागे ठेवण्यास मनाई असेल, तिथे छायाचित्र काढून ती परत आणावी.