खड्डा की धडक? क्रॅश डेटावर काम सुरू करणाऱ्यांसाठी

मेकॅनिकलची डिग्री, जेमतेम पायथॉन आणि 'मशीन लर्निंग येतं' हा आत्मविश्वास, एवढ्या भांडवलावर मी क्रॅश सेफ्टीच्या टीममध्ये दाखल झाले. पहिल्याच दिवशी विचारलं, डेटा किती आहे? लाखांच्या घरातला आकडा ऐकायची तयारी होती. उत्तर आलं, कामाच्या टेस्ट शे-दीडशे. आमचे लीड हसले. "अगं, एक टेस्ट म्हणजे एक अख्खी गाडी भंगारात. किती हव्यात तुला?"

एका टेस्टच्या आत मात्र डेटाचा पूर असतो. डमीचं, म्हणजे माणसाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याचं, डोकं, छाती, मांड्या, गाडीचा बी-पिलर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारामधला खांब, सगळीकडे सेन्सर, आणि प्रत्येकाची सेकंदाला दहा हजार किंवा त्याहून जास्त रीडिंग. मुख्य घटना आटोपते सेकंदाच्या दहाव्या भागात. मी काय केलं, प्रत्येक डमी ही वेगळी ओळ धरली, ओळी पिसल्या, काही ट्रेनिंगला दिल्या, काही टेस्टिंगला. मॉडेलचे मार्क बघून घरी फोनही केला. दुसऱ्या दिवशी लीडनी विचारलं, "ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारचा डमी एकाच गाडीतले ना?" होतेच. एक ट्रेनिंगमध्ये, दुसरा टेस्टिंगमध्ये. म्हणजे पेपर आधीच फुटलेला. टेस्टनुसार वाटणी केल्यावर मार्क धाडकन उतरले. नंतर कळलं, एकाच प्लॅटफॉर्मवरच्या, म्हणजे एकाच मूळ सांगाड्यावर बांधलेल्या भावंडं गाड्याही एकाच बाजूला ठेवाव्या लागतात.

मग मॉडेल बाजूला ठेवून मी सिग्नल वाचायला शिकले. त्यातली एक सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या. अमेरिकेची वाहनसुरक्षा संस्था एनएचटीएसए, तिच्या समोरासमोरच्या टेस्टमध्ये गाडी ताशी ५६ किमी वेगाने भिंतीवर आदळते, म्हणजे सेकंदाला साधारण १५.६ मीटर. बी-पिलरच्या त्वरणाचं इंटिग्रेशन केलं की वेग तिथून शून्यावर यायला हवा आणि किंचित उणे व्हायला हवा, कारण गाडी मागे उसळते. माझ्या एका फाईलमध्ये वेग निम्म्यावरच अडकला. केबल तुटली होती. दुसरीत तो चक्क वाढत गेला. तिथे चिन्ह उलटं होतं. हा आलेख न काढता मी आता एकही चॅनल, म्हणजे एका सेन्सरचा सिग्नल, वापरत नाही.

सिग्नलमधला खरखराट गाळणाऱ्या फिल्टरचंही तसंच. त्यांचे ठरलेले वर्ग असतात, त्यांना सीएफसी म्हणतात. डोक्याच्या त्वरणाला सीएफसी १०००, गाडीच्या वेगासाठी सीएफसी १८०. हे पाठ करायला कंटाळा येतो, पण डोक्याच्या इजेचा निर्देशांक, एचआयसी, काढताना त्वरणाचा अडीचावा घात येतो. त्वरणात १० टक्के चूक म्हणजे एचआयसीत जवळपास २७ टक्के.

मला सगळ्यात आवडतं ते एअरबॅगचं कोडं. एअरबॅग उघडायची की नाही, हा निर्णय जोरदार धडकेत १५-२० मिलिसेकंदांत घ्यावा लागतो, कारण पिशवी फुगायलाही तेवढाच किंवा थोडा जास्त वेळ लागतो. आणि खड्ड्यात चाक आपटलं, फूटपाथला बंपर घासला, तर ती उघडता कामा नये. समजा, खड्ड्याने २० जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट त्वरणाचा) टोकदार झटका दिला, पण ३ मिलिसेकंदच टिकला. वेगातला फरक ताशी एक-दोन किमी. धडकेत १५ जीच असेल, पण २० मिलिसेकंद टिकला, तर फरक दहा किमीच्या पुढे. नुसतं शिखर बघणारं मॉडेल इथे हमखास फसतं. आपल्या रस्त्यांवर तर फारच. म्हणून मी न्यूरल नेटवर्कच्या आधी वेगातला फरक आणि त्वरणाच्या आलेखाचा उतार असे साधे फीचर घेऊन डिसिजन ट्री, म्हणजे हो-नाहीच्या प्रश्नांचं मॉडेल, लावते. तो चुकला तर का चुकला, हे तरी सांगता येतं.

सरावासाठी नोकरीची वाट बघू नका. एनएचटीएसएचा क्रॅश टेस्ट डेटाबेस फुकट उतरवता येतो, सेन्सरच्या सिग्नलसकट. भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी आपली योजना, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं, तिथे समोरची टेस्ट ताशी ६४ किमीला होते आणि गाडीच्या तोंडाचा फक्त काही भाग अडथळ्यावर आदळतो. दोन्हीकडचे आकडे एका टोपलीत टाकू नका.

आणि फोटो बघा. टेस्टच्या आधी डमीच्या चेहऱ्याला रंग फासतात. एका टेस्टमध्ये डोक्याचे आकडे छान होते, मी ती 'उत्तम' म्हणून नोंदवली. फोटोत रंगाचा ठसा एअरबॅगच्या मधोमध नव्हता, पार कडेला होता. डोकं पिशवीवरून घसरून दाराकडे गेलं होतं, फक्त कुठे आपटलं नव्हतं. तेव्हापासून मी फाईलच्या आधी फोटोंचा फोल्डर उघडते.