पालिकेला फंड कसा मिळतो: सीमाभागातल्या नव्या नगरसेवकांसाठी

नवा नगरसेवक लेखा विभागात पहिल्यांदा येतो तेव्हा बहुधा एकच विचारतो, "आमच्या वॉर्डाला फंड किती?" बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागातल्या पालिकांत लेखा विभागात काम करताना प्रत्येक नव्या सभागृहाच्या सुरुवातीला हा प्रश्न मी ऐकत आलो आहे. प्रश्न रास्त आहे. पण वॉर्डाच्या नावानं सरकार पैसे पाठवत नाही. काम कुठलं, जागा कुणाची, कुठल्या हेडखाली (खर्चाच्या सदराखाली) बसतं आणि फाईल आज कोणाच्या टेबलावर आहे, एवढं कळलं की पैसे कुठून आणायचे ते सांगता येतं. मराठी शाळेत शिकून आलेली बरीच तरुण मंडळी आता नगरसेवक म्हणून, कंत्राटी इंजिनियर म्हणून, लेखा सहायक म्हणून पालिकेत येतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी आपली पालिका कुठल्या वर्गातली आहे ते बघा. कर्नाटकात १९६४ च्या नगरपालिका कायद्यानुसार साधारण दहा ते वीस हजार लोकवस्तीला पट्टण पंचायत, वीस ते पन्नास हजारांना पुरसभा आणि त्यावर तीन लाखांपर्यंत नगरसभा. खानापूर पट्टण पंचायत, संकेश्वर पुरसभा, निपाणी आणि गोकाक नगरसभा. बेळगाव महानगरपालिकेचा कारभार मात्र १९७६ च्या वेगळ्या कायद्यानं चालतो. वर्ग महत्त्वाचा अशासाठी, की योजनेतला केंद्राचा वाटा लोकसंख्येवर ठरतो. अमृत २.० ही पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची योजना १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाली. तिच्यात एक लाखाच्या आतल्या शहराला केंद्राकडून निम्मा खर्च मिळतो, एक ते दहा लाखांच्या शहराला एक तृतीयांश. बाकीचं राज्य आणि पालिका मिळून. लोकसंख्या धरली जाते ती अजून २०११ च्या जनगणनेची. निपाणीसारख्या गावाच्या कडेनं मधल्या काळात वसाहतीच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतली माणसं या हिशेबात नाहीत. म्हणून प्रस्तावात नळजोडण्यांचा आणि घरपट्टीच्या खात्यांचा ताजा आकडा जोडायचा. नियम त्यानं बदलत नाही, पण तपासणाऱ्या अधिकाऱ्याला गरज कागदावर दिसते.

पैसे दोन वाटांनी येतात. काही न मागता येतात: राज्य वित्त आयोगाचं अनुदान, म्हणजे आपल्या बोलण्यातलं एसएफसी, आणि केंद्रीय वित्त आयोगाचं. हे मिळतात म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं, आणि तिथंच जास्त नुकसान होतं. पंधराव्या वित्त आयोगानं (२०२१ ते २०२६) आपल्यासारख्या शहरांचं ६० टक्के अनुदान बांधून दिलं होतं, निम्मं पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मं कचरा-स्वच्छतेसाठी. उरलेलं ४० टक्के मोकळं होतं, पण त्यातून पगार देता येत नव्हते. अटी दोन मोठ्या होत्या. पालिकेचे हिशेब ऑनलाइन जाहीर झालेले हवे होते, आणि घरपट्टीची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगाला धरून वाढायला हवी होती. लेखापरीक्षण रखडलं की पैसे अडतात. घरपट्टीवाढीच्या ठरावाला विरोध करणं हा नगरसेवकाचा हक्क आहे. विरोध करण्याआधी त्यामुळे कुठलं अनुदान अडेल, हे मुख्याधिकाऱ्यांना सभेत विचारा आणि उत्तर नडावळीत (सभेच्या इतिवृत्तात) लिहून घ्या.

एसएफसी आणि पालिकेचा स्वनिधी यांतून २४.१० टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी, ७.२५ टक्के इतर दुर्बल घटकांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला ठेवावे लागतात. हे पैसे मार्च आला तरी पडून असतात, कारण लाभार्थ्यांची यादीच कुणी केलेली नसते. पहिल्याच वर्षी काही करून दाखवायची इच्छा असेल तर आपल्या वॉर्डातली ही यादी करून द्या. त्यासाठी बेंगळुरूला जावं लागत नाही, मंत्र्याची वेळ मागावी लागत नाही.

दुसऱ्या वाटेचे पैसे मागावे लागतात. अमृत, स्वच्छ भारत, मुख्यमंत्री नगरोत्थान, आमदार निधी वर्षाला दोन कोटी, खासदार निधी वर्षाला पाच कोटी. नगरोत्थानाची कामं ठरताना पालकमंत्री आणि आमदारांचा शब्द चालतो. खासदार निधीत आधी खासदारांची शिफारस लागते, मंजुरी जिल्हा प्रशासनाकडून होते. वाचनालयाची गोष्ट आणखी वेगळी. घरपट्टीबरोबर प्रत्येक रुपयामागे सहा पैसे ग्रंथालय कर आपण भरतो आणि तो सार्वजनिक ग्रंथालय खात्याकडे जातो. तेव्हा इमारत पालिकेनं बांधायची ठरवली, तरी पुस्तकं आणि ग्रंथपाल कोण देणार हे त्या खात्याकडून आधी लेखी घ्यावं. नाहीतर इमारतीला कुलूप लागतं. मराठी पुस्तकांची मागणीही त्याच पत्रात घालावी, नंतर तिला कुणी वाली राहत नाही.

आता जागेबद्दल. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त प्रस्ताव इथंच मरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका गावात आठवडी बाजाराजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह हवं होतं. भाजी विकायला खेड्यांतून येणाऱ्या बायका सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत पाणी न पिता बसायच्या. प्रश्न किती गंभीर आहे हे वेगळं सांगायला नको. त्या वॉर्डातल्या नगरसेविकेनं आमदारांना निवेदन दिलं, जिल्हाधिकाऱ्यांना दिलं, वर्तमानपत्रात फोटोही आला. पालिकेच्या मालमत्ता रजिस्टरात ती जागा पालिकेचीच होती. पण प्रस्तावाला सिटी सर्व्हेचा उतारा जोडायची वेळ आली तेव्हा कळलं, की उताऱ्यावर जागा सरकारच्या नावे आहे. उतारा मुंबई राज्याच्या काळातला, मराठीत लिहिलेला, त्यातला एक शेरा मोडीत. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचे असे कागद आपल्या भागात गावोगावी आहेत. कन्नड माध्यमातून आलेल्या तरुण कारकुनाला तो वाचता येईना, आणि बाजूला ठेवलेला कागद बाजूलाच राहिला.

त्या नगरसेविकेनं तो वाचला. मोडी शेऱ्यासाठी एका निवृत्त तलाठ्यांना घरून बोलावून आणलं. कार्यालयातल्या ज्येष्ठ कारकुनांनी विचारलं, "वहिनी, जुन्या कागदात काय शोधालाय? नवीन अर्ज करून टाका की." त्या म्हणाल्या, "नवीन अर्जाला काका, जुना कागदच मागतात." आणि तसंच झालं. शेऱ्यात जागा बाजाराच्या वापरासाठी राखून ठेवल्याचा उल्लेख निघाला. त्याच्या आधारे १९६४ च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ७१ खाली ती जागा सार्वजनिक कामासाठी पालिकेकडे द्यावी, असा अर्ज तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. मग भूमापन खात्याची मोजणी, हद्दीच्या खुणा, कोपऱ्यातल्या एका टपरीसाठी दुसरीकडे जागा. हे सगळं व्हायला इमारत बांधायला लागला त्याहून जास्त काळ गेला. पण त्यानंतर स्वच्छ भारतखाली प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा जागेचा प्रश्न सुटलेली फाईल आमच्याकडे तयार होती. ज्यांच्याकडे नुसतं निवेदन होतं, ते थांबले.

म्हणून नव्या मंडळींना मी सांगतो, योजना जाहीर होण्याची वाट बघू नका. आपल्या वॉर्डातल्या दोन-तीन सार्वजनिक जागांचे उतारे आत्ताच काढा. उताऱ्यावर नाव कुणाचं, क्षेत्र किती, गायरान आहे की राखीव, खटला चालू आहे का, एवढं बघा. जुने मराठी कागद वाचता येणं हे आपल्या मुलांचं मोठं बळ आहे, ते पालिकेच्या कामी आणा.

जागा झाली की एस्टिमेट. ते इंजिनियर करतात, पण नगरसेवकानं तीन गोष्टी विचाराव्यात. दर कुठल्या वर्षीच्या एसआरचे (सरकारी दरसूचीचे) आहेत? १८ टक्के जीएसटी धरलाय का? पालिकांच्या बांधकामांवर पूर्वी १२ टक्के होता, १८ जुलै २०२२ पासून १८ झाला, आणि जुनी एस्टिमेटं झाडून पुन्हा पुढे केली की सगळं गणित कोसळतं. आणि तिसरं, हेस्कॉमची (वीज कंपनीची) जोडणी, पाण्याची लाईन आणि सांडपाणी कुठं जाणार याचा खर्च आत आहे का? चार भिंती आणि छपराचे पैसे मंजूर झाले, विजेचे राहिले, म्हणून बंद पडलेल्या इमारती आपल्या जिल्ह्यात बघायला फार लांब जावं लागत नाही. देखभालीचा खर्च वर्षाला किती आणि तो कुठल्या हेडमधून, हेही ठरावातच लिहा.

पुढचा प्रवास असा: सर्वसाधारण सभेचा ठराव, क्रिया योजना (कामांचा आराखडा), मग जिल्हाधिकारी कार्यालयातला जिल्हा नगरविकास कोश, म्हणजे पालिकांची कामं बघणारा कक्ष. कोशाचे प्रकल्प संचालक आणि तिथले इंजिनियर कागद तपासतात. प्रशासकीय मंजुरी आणि तांत्रिक मंजुरी वेगळ्या असतात, एक मिळाली म्हणजे काम सुटलं असं समजू नये. मोठ्या पाणीयोजनेत कर्नाटक नगर पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण मंडळ येतं. मंजुरीनंतर निविदा, ती कर्नाटकाच्या १९९९ च्या पारदर्शकता कायद्याप्रमाणे. कोशातून शंका काढून फाईल परत आली तर रागावू नका. शंका लेखी घ्या आणि सगळ्यांची उत्तरं एकाच पत्रात द्या. एकेक करून दिलं की प्रत्येक वेळी फाईल रांगेच्या शेवटी जाते.

बेंगळुरूला जावं लागतंच. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, सकाळी उतरून विश्वेश्वरय्या टॉवरमधलं पौराडळित निर्देशनालय (पालिका प्रशासन संचालनालय) किंवा विकाससौधमधलं नगरविकास खातं गाठायचं. जाताना ठरावाची प्रत, उतारा, एस्टिमेटचं पहिलं पान आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या शिफारसपत्राचा क्रमांक-तारीख जवळ ठेवा. क्रमांक नसेल तर कुणीही फाईल शोधत नाही.

पण आपल्याला एक सोय आहे जी बाकी जिल्ह्यांना नाही. बहुतेक वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन हलगा-बस्तवाडजवळच्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरतं. मंत्री, सचिव, संचालक सगळे बेळगावात असतात. त्या दिवसांत आपल्याकडे महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याचीही धामधूम असते. सीमाप्रश्नावर ज्याची त्याची भूमिका आहे, माझीही आहे, आणि ती सोडा असं मी कुणाला म्हणणार नाही. तरी आपल्या गल्लीतल्या बाईला पाण्याची घागर लांबून आणावी लागते तोवर तिची फाईल घेऊन त्याच दिवसांत भेटायला जाणं हे आपलं कर्तव्य आहे. ऑक्टोबरमध्येच तयारी करा. नोव्हेंबरात जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस हातात हवी. आमदार आपल्या पक्षाचे नसले तरी त्यांना बरोबर घ्या. खानापूर, निपाणी, बेळगाव ग्रामीण, कुठल्याही पक्षाचे असोत, मतदारसंघातलं काम झालं तर त्यांचंही नाव होतं.

कागद कन्नडमध्ये जातात. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असलेल्या भागात महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात ही जुनी तरतूद आहे आणि सभेची विषयपत्रिका मराठीत मागण्याचा आग्रह आपण धरलाच पाहिजे. ती मिळेपर्यंत कन्नड नडावळी वाचायला शिका. सहा महिन्यांत येते. ठरावातला एक शब्द वगळला गेला, तर काम दुसऱ्या वॉर्डात जाऊ शकतं, हे वाचणाऱ्यालाच कळतं.

पावसाचं गणित विसरू नका. खानापूर-बेळगावकडे जून ते सप्टेंबर काँक्रीटचं काम नीट होत नाही. मार्चला मंजुरी मिळाली आणि निविदेत मे गेला, की काम थेट दसऱ्यानंतर. अमृतचे पैसे २०, ४० आणि ४० टक्के अशा हप्त्यांत येतात. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) आणि जागेचे फोटो गेल्याशिवाय दुसरा सुटत नाही. ठेकेदार थांबतो, दर वाढतात, लोक नगरसेवकाला बोल लावतात. कारण मात्र लेखा विभागातलं एक न गेलेलं पान असतं.

तेव्हा येत्या सभेआधी मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन तीन गोष्टी मागून घ्या: मागच्या तीन वर्षांत आलेल्या प्रत्येक अनुदानाची शिल्लक, न गेलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांची यादी, आणि आपल्या वॉर्डातल्या पालिकेच्या मालमत्तांचं रजिस्टर. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका. यादी हातात आली की लेखापालांसमोर बसा आणि शिल्लक पडलेल्या पहिल्या अनुदानापासून विचारायला सुरुवात करा.