डोकं बंद पडलंय? मग नवीन टाइमटेबल नको, आधी वजाबाकी करा

मागच्या थंडीत आमच्या ग्रुपची भरीत पार्टी होती. मैत्रिणीच्या शेतात, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, सगळं साग्रसंगीत. आणि मी "जर्नल बाकी आहे गं" सांगून रूमवर थांबले. बरं थांबून जर्नल लिहिलं का, तर नाही. चार तास तेच पान उघडं, हातात मोबाइल, आणि काय बघितलं विचाराल तर तेही आठवत नाही. जळगावात राहून भरीत नको वाटणारी पोरगी, तेव्हाच समजायला पाहिजे होतं खरं तर.

मी एमएससी केमिस्ट्री करतेय, घर अमळनेर तालुक्यात, रूम जळगावला. तेव्हा मला वाटायचं मी आळशी झालेय. आता फरक कळतो, तो आळस नव्हता, बर्नआउट होता, म्हणजे सततच्या ताणाने पार दमून जाणं. आळशी माणूस दुपारी बारापर्यंत झोपतो ना, तो मजेत झोपतो. बर्नआउटवाला झोपेतसुद्धा स्वतःला शिव्या देत असतो आणि उठतो तो पुन्हा दमलेलाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याला आजार नाही म्हटलं, कामाच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं आणि तीन खुणा सांगितल्या: पार रिकामं झाल्यासारखी दमणूक, कामावरून मन उडणं, आणि आपल्याकडून आता काही होत नाही असं वाटणं. त्यांनी हे नोकरीबद्दल म्हटलंय. पण प्रॅक्टिकल, सबमिशन, प्रोजेक्ट हे नोकरीपेक्षा कमी आहे का, फक्त पगार नाही एवढंच.

एक सोपी परीक्षा सांगते. दोन दिवस सुट्टी घ्या, नीट झोपा. सोमवारी बरं वाटलं तर तुम्ही नुसते थकला होतात. सोमवारी कॉलेजचं गेट बघून पोटात गोळा आला तर पुढचं वाचा.

आता मुख्य गोष्ट. अशा वेळी जो तो तुम्हाला काहीतरी वाढवायला सांगतो. पहाटे पाचला उठ, योगा कर, प्लॅनर घे, मेडिटेशनचं अॅप टाक. अहो गाडीत आधीच डबल माल भरलाय, त्यावर अजून एक पोतं कशाला? आधी उतरवायचं. आणि गंमत अशी की आपण उतरवतो, पण चुकीचं उतरवतो. मी सगळ्यात आधी झोप कापली, मग सकाळचं चालणं, मग मैत्रिणी, मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी जाणं. म्हणजे ज्याच्यावर गाडी चालते तेच फेकून दिलं आणि पोती तशीच.

तर वहीचं मागचं पान घ्या आणि डोक्यावर जे जे आहे ते सगळं लिहा. फक्त अभ्यास नाही, सगळं. इंटर्नल, प्रोजेक्ट, स्पर्धा परीक्षेचा क्लास, शिकवण्या घेत असाल तर त्या, स्कॉलरशिपचा फॉर्म, रोजचा एसटीचा प्रवास, धाकट्या भावाच्या अॅडमिशनची चौकशी, गॅदरिंगची कमिटी, स्वयंपाक. प्रत्येकापुढे आठवड्याचे तास लिहा. माझी बेरीज झोप धरून आठवड्याच्या १६८ तासांच्या वर गेली, मी चक्क हसले एकटीच. मग आयुष्यात पुरी न होणारी ती यादी पुरी होत नाही म्हणून मी रोज रडत होते का!

मग प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न: हे सहा महिने केलं नाही तर नक्की काय बिघडेल? स्कॉलरशिपचा फॉर्म सोडला तर पैसे जातील, तो ठेवायचा. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येणार नाही, तीही ठेवायची. पण स्पर्धा परीक्षेचा क्लास? मी एमएससीसोबत तो करत होते कारण रूममेट करत होती. खरंच, दुसरं कारणच नव्हतं. तो बंद केला, भरलेली फी बुडाली, दोन दिवस वाईट वाटलं, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच ते आठ हे तीन तास माझे होते. कमिटी सोडली. ग्रुपमध्ये पाच जणांच्या असाइनमेंटची पीडीएफ मीच बनवायचे, ते पण बंद, करा म्हटलं आपापलं.

सगळं उतरवता येत नाही हे मान्य. काही कामं अर्ध्यात आणायची. ज्या विषयात पास व्हायचंय तिथे पासापुरतंच करायचं, प्रत्येक जर्नल प्रदर्शनात ठेवायचं नसतं. पण एखादा पेपर मुद्दाम सोडून एटीकेटी घ्यायचा विचार असेल तर आधी ऑफिसात जाऊन नियम वाचा, मित्राच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

गाइड सरांशी बोलणं मला सगळ्यात अवघड गेलं. "सर खूप टेन्शन आहे" म्हटलं की समोरच्याला काय करायचं ते कळत नाही, तो "होईल होईल" म्हणतो. त्याऐवजी नेमकं मागा: "सर, रीडिंग्ज झाल्यात, लिहिणं अडकलंय, १५ दिवस वाढवून मिळतील का, पहिला भाग शुक्रवारी देते." मला १० दिवस मिळाले. न विचारता शून्य मिळाले असते.

घरी सांगणं हा वेगळाच विषय. कापसाच्या पैशावर शिकणाऱ्या पोरीने "मला काहीच करावंसं वाटत नाही" असं कसं म्हणायचं? मी महिनाभर फोनवर "हो, मजेत" म्हणत होते. आईनेच एकदा आवाजावरून ओळखलं, "बरं शे ना माय?" आणि मग जे रडू फुटलं. बर्नआउट वगैरे शब्द वापरू नका, उपयोग नाही. झोप लागत नाही, जेवण जात नाही, डोकं चालत नाही, हे सांगा, हे त्यांना बरोबर कळतं. आणि पोरींसाठी खास: घरी आरामाला जाऊन दिवसभर भाकरी थापायच्या असतील तर तो आराम नाही, आधीच फोनवर सांगून ठेवा. मी सांगितलं. आई दोन दिवस मानली, तिसऱ्या दिवशी परातीत पीठ होतंच. असो, दोन दिवस तरी मिळाले.

शरीराचं थोडक्यात. रात्री कधीही झोपा पण उठायची वेळ एकच ठेवा, हळूहळू रात्री झोप लवकर येऊ लागते. चहा-कॉफी दुपारी चारनंतर बंद, कारण पाच-सहा तासांनंतरही त्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं. एकदा हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या, कित्येकदा ज्याला आपण बर्नआउट म्हणतो ते कमी रक्त निघतं. नंदुरबार-सातपुड्याकडच्यांनी सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या.

आणि ऊन! एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, त्यात पत्र्याखालची रूम. दुपारी दोनला तिथे अभ्यास झाला नाही तर दोष तुमचा नाहीये. पहाटेचे दोन-तीन तास वाचा, दुपारी लायब्ररी नाहीतर सरळ झोप, ताक आणि पाणी भरपूर, डोकेदुखी निम्मी तिथेच जाते.

पण हे सगळं करूनही दोन आठवडे सलग उदास वाटतंय, कशातच रस नाही, किंवा जगूच नये असं मनात येतंय, तर ते बर्नआउटच्या पुढचं आहे, त्याला वजाबाकी पुरत नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, तिथे मानसोपचाराची ओपीडी विचारा. आणि त्या रात्री एकटं राहू नका, रूममेटला उठवा, चिडली तर चिडू दे.

किती दिवस लागतात? मला सेमिस्टर संपेपर्यंत लागले, मध्ये दोनदा परत घसरले, एकदा तर क्लास पुन्हा लावायला निघाले होते. वहीचं ते पान अजून आहे, दर महिन्याला बेरीज करते, आकडा चढला की काहीतरी खोडते. सोमवारी प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन आहे, स्लाइड्स अर्ध्या बाकी आहेत. रविवारी भरीत आहे, त्याच मैत्रिणीच्या शेतात, मिरच्या मी नेणारे.