अंजनी लावायची असेल तर

नर्सरीत जाऊन नुसतं ‘अंजन द्या’ म्हणालात तर भलतंच रोप हातात पडायची शक्यता आहे. खानदेश-विदर्भाच्या कोरड्या रानातला अंजन हा उंच वाढणारा वृक्ष. त्याचं शास्त्रीय नाव हार्डविकिया बायनाटा, आणि पान दोन दलांचं, आपट्याची आठवण करून देणारं. आपल्या कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरची ती अंजनी, म्हणजे मेमेसायलॉन अंबेलाटम. चण लहान, बारा महिने हिरवी आणि लाकूड कठीण. दाजीपूर, गगनबावडा, आंबा घाट या पट्ट्यात जांभूळ आणि पिसा यांच्या जोडीनं ती इतकी दिसते की वनस्पतीशास्त्रवाले त्या जंगलाला या तिघांच्या नावानंच ओळखतात. तेव्हा चिठ्ठीवर शास्त्रीय नाव लिहून न्या, लाजू नका.

नावाचं म्हणाल तर अंजन म्हणजे काजळ. पानांचं पाणी डोळ्यांना लावायची जुनी रीत होती, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. पिकलेलं फळही काजळासारखं काळं होतं. हनुमानाच्या आईशी नातं जोडणारेही भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण पानांचं पाणी डोळ्यांत घालून बघू नका. डोळे आले तर सरळ दवाखान्यात जा.

ओळखायचं कसं, ते आता. फुलं असतील तर प्रश्नच नाही. फेब्रुवारी ते एप्रिल-मेच्या दरम्यान झाड निळंजांभळं होतं. फूल इवलंसं, चार पाकळ्यांचं, आणि गुच्छ पानांच्या बेचक्यात किंवा त्याही खाली, पानं गळून गेलेल्या जुन्या फांदीला चिकटून येतात. फुलं नसताना मात्र जांभळीशी गल्लत होते. एक पान तोडून चुरगळा. जांभळीच्या पानाला वास येतो, अंजनीच्या येत नाही. मग दुसरं पान उजेडात धरा. जांभळीच्या पानात बारीक शिरा दाट आणि कडेच्या आत एक शीर गोल फिरलेली दिसते. अंजनीचं पान जाड, चकचकीत, आणि मधली शीर सोडली तर बाकीच्या जवळपास दिसतच नाहीत. पानं समोरासमोर, देठ आखूड. फळ वाटाण्याएवढं, हिरव्याचं लालसर होऊन शेवटी काळं पडतं, आणि त्याच्या डोक्यावर बारीक वाटीसारखी कड राहते. ही कड बघितली की खात्री करायची.

बी आणायचं कुठनं? राधानगरी अभयारण्यातनं नाही. तिथनं परवानगीशिवाय फळ काय, पानही उचलायचं नसतं. देवराईतलं तर देवाचं असतं, गावकऱ्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. शाहूवाडी-भुदरगडकडं कुणाच्या मालकीच्या माळावर, बांधावर झाड असेल तर मालकाला विचारून खाली पडलेली पिकली फळं गोळा करा. पावसाच्या तोंडावर ती मिळतात. बुलबुल तुमच्या आधी पोचलेले असतात, त्यामुळं सकाळी लवकर जावं. गर खाता येतो, किंचित गोड आणि तुरट. पोरांना आवडतो.

फळात बी एकच असतं. गर चोळून काढा, बी पाण्यात धुवा आणि सावलीत पाणी निथळू द्या. उन्हात वाळवून डब्यात भरून पुढच्या वर्षी बघू, असं करू नका. त्याच आठवड्यात पिशवीत लावा. पिशवीत तांबडी माती, वाळू आणि कुजलेला पालापाचोळा समान घ्या. बी जेवढं जाड तेवढंच खोल. पिशव्या सावलीत ठेवा, माती ओलसर राहू दे, चिखल नको. उगवून यायला वेळ लागतो, म्हणून रोज माती उकरून बघायची सवय असेल तर ती मोडा. रोप पहिला पाऊसभर बोटाएवढंच राहिलं तरी ते मेलेलं नसतं.

जमिनीत लावताना खरी कसरत करवीर, हातकणंगले, शिरोळच्या काळ्या रानात आहे. ही बाई जांभ्या दगडाच्या, पाण्याचा पटकन निचरा होणाऱ्या मातीतली. काळ्या मातीत पाणी तुंबलं की मुळं कुजतात. म्हणून दोन-दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा काढून तांबडी माती, मुरूम आणि पालापाचोळ्यानं भरा, आणि वरही वीतभर उंचवटा करून त्यावर रोप बसवा. जूनचा जोरदार पाऊस पडून गेला की लावा. बुंध्याभोवती उसाचं पाचट पसरा, बुंध्याला चिकटू न देता. आमच्याकडं पाचट काय कमी आहे? जाळण्यापेक्षा हे बरं.

मधल्या काळात विसरू नका की गगनबावड्याला आणि कोल्हापूर शहरात पडणाऱ्या पावसात कितीतरी पटींचा फरक आहे. तिथं धुक्यातही ओल मिळते. इथं मार्च ते मे पाणी आपणच द्यायचं, आठवड्यातनं दोनदा, आणि पश्चिमेच्या उन्हाला आडोसा करायचा. निदान पहिले दोन उन्हाळे तरी. जागा नसेल तर मोठ्या कुंडीतही चालते, वाढच इतकी सावकाश आहे.

लाकडाबद्दल थोडं, कारण कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, माझं आयुष्य लेथवर गेलं आणि इंग्रजीत या झाडाला लोखंडाचं नाव आहे म्हटल्यावर मला राहवत नाही. वाळलेल्या फांदीत सरळ खिळा मारू नका, वाकेल. आधी ड्रिलनं भोक पाडा. वादळानं मोडलेली फांदी मिळाली तर दांडा, मूठ जे काय करायचं ते ओली असतानाच जाडसर उतरवून ठेवा, टोकांना मेण लावा म्हणजे चिरणार नाही, आणि सावलीत वाळल्यावर शेवटचा हात मारा. हत्यार दोनदा-तीनदा धार लावून घ्यावं लागतं. मुठीसाठी जिवंत झाड मात्र तोडू नका. जळणापायी ते आधीच बरंच तुटलंय, आणि परत तेवढं व्हायला पिढी जाते.

छाटणी करायचीच झाली तर फळं संपल्यावर, पावसाळ्यात, आणि फक्त वाळकी किंवा वाटेत येणारी डहाळी. जुन्या फांद्या साफसूफ करायच्या नादात काढल्या तर पुढच्या वर्षीची फुलं त्याबरोबरच गेली समजा.