बॉयलर जाऊन हीट पंप येण्याआधी: व्यवसायाच्या जागेसाठी तयारीची यादी

हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारं विजेचं यंत्र. त्याचं कोटेशन मागवायच्या आधी दोन आकडे हातात असावेत. ऐन कडाक्याच्या थंडीत इमारतीला किती किलोवॉट उष्णता लागते, हा पहिला. ती उष्णता खोल्यांत पोचवायला पाणी किती अंश गरम असावं लागतं, हा दुसरा. पाइप, वीज, यंत्राचा आकार, महिन्याचं बिल हे सगळं या दोन आकड्यांवर ठरतं, आणि त्यातही दुसऱ्यावर जास्त. यंत्र कोणत्या कंपनीचं घ्यायचं हा प्रश्न यादीत बराच खाली येतो.

पहिल्या आकड्यासाठी जुन्या बॉयलरच्या नेमप्लेटवर विसंबू नका. बॉयलर गरजेच्या दीडपट-दुप्पट बसवलेला सर्रास सापडतो. त्यापेक्षा थंडीच्या आठवड्यात रोज ठरावीक वेळी गॅस मीटरचं रीडिंग घ्या आणि शेजारी त्या दिवसाचं बाहेरचं सरासरी तापमान लिहा. समजा, एका दिवसात 120 घनमीटर नैसर्गिक वायू जळला. एका घनमीटरात साधारण 10.5 युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा असते, बॉयलरची कार्यक्षमता 85 टक्के धरली, तर इमारतीत आली सुमारे 1,070 युनिट, म्हणजे 24 तासांची सरासरी 45 किलोवॉट. त्या दिवशी बाहेर 0 अंश आणि आत 20 अंश होते, पण तुमच्याकडची कडाक्याची थंडी उणे 7 ची, तर 45 ला 27 ने (कडाक्याच्या थंडीतला आत-बाहेरचा फरक) गुणून 20 ने (त्या दिवशीचा फरक) भागा: सुमारे 60 किलोवॉट. बॉयलर तेलावर चालत असेल तर लिटरमागे 10 युनिट धरा. स्वयंपाकघर, भट्टी किंवा धुलाईला जाणारा गॅस यातून वजा करायला विसरू नका. तो किती, हे उन्हाळ्यातल्या बिलावरून कळतं. हा हिशेब अंदाज पक्का करण्यापुरता. खोलीनिहाय उष्णतेची गणना इंजिनिअरकडून करून घ्यावीच लागते, पण तिचा आकडा 60 च्या जागी 110 आला तर 'हे कसं?' असं विचारण्याइतका आधार तुमच्याकडे असतो.

छताला इन्सुलेशन, मालाच्या दाराच्या फटी, सताड उघडं राहणारं शटर, ही कामं करायची असतील तर यंत्राचा आकार ठरण्याआधी करा. नंतर केली तर यंत्र गरजेपेक्षा मोठं ठरतं, आणि मोठा हीट पंप हा मोठ्या बॉयलरसारखा निरुपद्रवी नसतो. गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसरही साधारण पूर्ण क्षमतेच्या पाव-तीस टक्क्यांच्या खाली उतरत नाही. सौम्य थंडीत गरज त्याहून कमी झाली की तो दर काही मिनिटांनी चालू-बंद होत राहतो. वीज वाया जाते आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं. म्हणूनच 60 किलोवॉटच्या एका यंत्रापेक्षा 30-30 ची दोन बरी. सौम्य दिवसांत एकच चालतं, आणि एक बिघडलं तरी जागा पूर्ण गार पडत नाही.

आता दुसरा आकडा. यासाठी सगळ्यात भरवशाची चाचणी फुकटात होते: थंडीच्या तीन-चार दिवसांत आहे त्या बॉयलरच्या पाण्याचं तापमान 55 अंशांवर आणा, रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि प्रत्येक खोलीत एक साधा थर्मामीटर ठेवा. सकाळी, दुपारी आणि बंद करायच्या वेळी नोंद घ्या. ज्या खोल्या 20 अंशांना पोचतात त्यांचे रेडिएटर बदलायची गरज नाही. ज्या पोचत नाहीत, तीच तुमची कामांची यादी. बॉयलर जुना, साध्या धुराड्याचा असेल तर हा प्रयोग आठवडाभराच्या पुढे लांबवू नका. परतीचं पाणी थंड आलं की बॉयलरच्या आत आणि धुराड्यात आम्लयुक्त ओल धरते आणि पत्रा खाते.

चाचणीला थंडी मिळाली नाही तर गणित करा. रेडिएटरच्या तक्त्यातली क्षमता बहुधा जाणारं पाणी 75, परतीचं 65 आणि खोली 20 अंश, अशा स्थितीची असते. 2,000 वॉटचा रेडिएटर 55-45 च्या पाण्यावर सुमारे 1,030 वॉट देतो आणि 45-35 वर जेमतेम 600. आकडे पाहून धास्तावू नका, कारण रेडिएटरही बऱ्याचदा ऐसपैस बसवलेले असतात. आधी कपाटामागे, काउंटरमागे, खोक्यांच्या थप्पीमागे दडलेले मोकळे करा. उरलेल्या अडचणीच्या ठिकाणी जाड, दुहेरी पॅनेलचे किंवा पंख्याचे रेडिएटर बसवा. ही खटपट कशासाठी? पाणी एक अंशाने कमी गरम लागलं तर विजेचा खर्च साधारण 2 ते 2.5 टक्क्यांनी उतरतो. म्हणजे दोन हट्टी खोल्यांपायी सगळ्या इमारतीचं पाणी 65 वर ठेवलं, तर त्या दोन खोल्यांचा दंड बाकीच्या सगळ्या खोल्या भरतात.

रेडिएटर सगळे मोजतात. विसरतात ती प्रवेशद्वारावरची गरम हवेची पट्टी, गोदामातले टांगते हीटर आणि ताज्या हवेच्या यंत्रातली गरम पाण्याची कॉइल. ही बहुधा 80 अंशांच्या पाण्यासाठी घेतलेली असतात. 50 अंशांवर दारावरची पट्टी कोमट वारा फेकते, आणि उबदार खोलीत अंगावर येणारा कोमट वारा गारच लागतो. गिऱ्हाइकांची पहिली तक्रार इथूनच येते. ताज्या हवेच्या कॉइलचं तापमान घसरलं की गोठण्यापासून वाचवणारं सेन्सर पंखाच बंद करतं आणि सकाळी कोंदटपणा का आला याचा शोध सुरू होतो. या तीन गोष्टींची क्षमता उत्पादकाकडून 50 अंशांच्या पाण्यासाठी लेखी मागवा. कमी पडत असेल तर जास्त ओळींची कॉइल टाकावी लागते.

पाइपांपाशी मात्र बऱ्याच ठिकाणी घोडं पेंड खातं. बॉयलरच्या व्यवस्थेत जाणाऱ्या आणि परतीच्या पाण्यात 20 अंशांचा फरक चालायचा. हीट पंपाला 5 ते 8 अंशच हवा असतो. 60 किलोवॉट उष्णता 20 अंशांच्या फरकाने न्यायला तासाला 2.6 घनमीटर पाणी पुरतं, 5 अंशांच्या फरकाने 10.3 घनमीटर लागतं. 35 मिलीमीटरच्या तांब्याच्या पाइपात पहिलं पाणी सेकंदाला 0.85 मीटर वेगाने जातं, दुसरं जवळजवळ 3.4 मीटरने. पाइप गुणगुणू लागतात, आणि प्रवाह चौपट झाला की दाबातली घट सोळा पटीच्या घरात जाते. मोठा पंप लावणं हा त्यावरचा उपाय नव्हे. यंत्रापासून बफर टाकीपर्यंतचा (यंत्र आणि रेडिएटर यांच्यामधली गरम पाण्याच्या साठ्याची टाकी) मुख्य पाइप मोठा घ्या, 54 मिलीमीटर किंवा त्याहून जास्त. टाकीनंतर खोल्यांकडे 10 अंशांच्या फरकाने पाणी नेता येतं का ते पाहा. एक सापळा लक्षात ठेवा: टाकीनंतरच्या पंपाचा प्रवाह यंत्राच्या प्रवाहापेक्षा जास्त झाला तर परतीचं थंड पाणी टाकीत मिसळून वर येतं. यंत्र 55 दाखवतं, रेडिएटरला 49 मिळतं, आणि कुणीतरी यंत्राचं तापमान आणखी वाढवून ठेवतं.

जुन्या पाइपांमधला काळा गाळ काढल्याशिवाय नवं यंत्र जोडू देऊ नका. बॉयलर तो वर्षानुवर्षं पचवतो, हीट पंपाच्या प्लेट एक्स्चेंजरच्या (पातळ पत्र्यांमधून पाण्याला उष्णता देणारा भाग) फटी मात्र अरुंद असतात. पाण्याच्या जोराने धुलाई, परतीच्या पाइपवर चुंबकीय फिल्टर आणि जाळीचा गाळणी-व्हॉल्व्ह, तिन्ही हवेत. पहिल्या आठवड्यानंतर जाळी उघडून साफ करायचं काम करारातच लिहून घ्या. पहिल्या कडक थंडीच्या सकाळी 'प्रवाह कमी' असा इशारा देऊन यंत्र बंद पडलं, तर आधी ती जाळी उघडा. बऱ्याचदा आत काळ्या चिखलाचा गोळा बसलेला असतो.

विजेचा अर्ज शक्य तितक्या लवकर करा, कारण मंजूर भार वाढवून घ्यायला, विशेषतः ट्रान्सफॉर्मर बदलायची वेळ आली तर, महिने जातात. माहितीपत्रकातला सीओपी, म्हणजे एका युनिट विजेत किती युनिट उष्णता मिळते तो आकडा, बहुधा बाहेर 7 अंश आणि पाणी 35 अंश असतानाचा असतो. तुम्हाला उणे 7 आणि 55 चा हवा. तिथे तो 2.2 धरला तर 60 किलोवॉटसाठी 27 किलोवॉट वीज लागते. तीन फेजच्या 400 व्होल्ट जोडणीवर हे फेजला 41-42 अँपिअर झाले. आत 9 किलोवॉटचा पूरक हीटर असेल तर आणखी 13. यात भर पडते ती सकाळी एकदमच सुरू होणाऱ्या दिवे, ओव्हन आणि मशिनांची, म्हणून आठवडाभर मुख्य बोर्डावर प्रत्यक्ष भार नोंदवून घ्या. यंत्राची उष्णता देण्याची क्षमताही थंडीत घटते. नावापुढचे 30 किलोवॉट उणे 7 ला किती उरतात, हे तक्त्यातून पाहूनच निवड करा.

बाहेरच्या यंत्राची जागा ठरवताना हवा, पाणी, वजन आणि आवाज हे चारही पाहा. यंत्र थंड हवा फेकतं. समोर भिंत असेल किंवा यंत्र खड्ड्यासारख्या चौकात बसवलं असेल तर तीच थंड हवा पुन्हा आत ओढली जाते आणि क्षमता ढासळते. दमट थंडीत, साधारण 0 ते 5 अंशांना, कॉइलवर दव गोठतं. यंत्र काही मिनिटं उलटं चालून ते वितळवतं आणि त्यातून दिवसाला कित्येक बादल्या पाणी गळतं. त्याचा निचरा चुकला तर तळाच्या भोकावर बर्फाचं झाकण बसतं, ते वर चढत कॉइलच्या खालच्या ओळी गिळतं, आणि एक दिवस पंख्याचं पातं बर्फाला घासल्याचा करकर आवाज येतो. म्हणून यंत्र चौथऱ्यावर, तुमच्याकडच्या बर्फाच्या थरापेक्षा वर ठेवा, निचऱ्याचा पाइप आखूड आणि उताराचा असू द्या, त्याला तापवणारी केबल गुंडाळा, आणि पाणी पायवाटेवर येणार नाही हे पाहा. वितळवायला लागणारी उष्णता इमारतीच्याच पाण्यातून घेतली जाते. त्यासाठी उत्पादक सांगतो तेवढं पाणी फिरत्या व्यवस्थेत असायलाच हवं. कमी असेल तर बफर टाकी मोठी करा.

गच्चीवर ठेवायचं असेल तर स्लॅबची तपासणी आधी, क्रेनचं बुकिंग नंतर. जागा भाड्याची असेल तर मालकाची लेखी परवानगी त्याहून आधी. आवाजाचं गणित साधं आहे: 75 डेसिबल ध्वनिशक्तीचं यंत्र मोकळ्या जमिनीवर असेल तर 10 मीटरवर सुमारे 47 डेसिबल ऐकू येतं, पाठीशी भिंत असेल तर 3 वाढतात, दुसरं तसंच यंत्र आलं की आणखी 3. शेजाऱ्याच्या खिडकीपाशी रात्रीची मर्यादा किती, ते स्थानिक नियमांत पाहून हा आकडा ताडून घ्या. आर-290, म्हणजे प्रोपेन वापरणारं यंत्र असेल तर हा वायू हवेपेक्षा जड आणि ज्वलनशील असतो. सुरक्षित अंतराच्या आत तळघराची खिडकी, गटाराचं तोंड किंवा विजेचा स्विच चालत नाही. ही अट नकाशावर आखून पाहिली की निम्म्या 'सोयीच्या' जागा बाद होतात.

वीज गेली की बाहेरच्या पाइपांतलं पाणी थांबतं आणि गोठतं. तिथे गोठणरोधक व्हॉल्व्ह लावा किंवा पाणी गोठू न देणारं ग्लायकॉल हे द्रव्य मिसळा. ग्लायकॉलने पाणी दाट होतं आणि उष्णता कमी वाहून नेतं, म्हणून पंपाचा हिशेब पुन्हा करावा लागतो.

नळाच्या गरम पाण्याचा विचार वेगळा करा. साठ्याच्या टाकीत लिजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून पाणी 60 अंशांच्या आसपास ठेवतात. तेवढ्यासाठी सगळं यंत्र रोज 60 वर पळवू नका. ऑफिसात फक्त हात धुवायचे असतील तर बेसिनखालचा छोटा विजेचा गिझर पुरतो. हॉटेल किंवा व्यायामशाळा असेल तर गरम पाण्यासाठी स्वतंत्र हीट पंप घ्या.

कंट्रोल लावून देणारा माणूस घाईत असतो आणि 55 चं स्थिर तापमान ठेवून निघून जातो. त्याला जाऊ देऊ नका. बाहेर 10 अंश असताना पाणी 35, उणे 7 ला 55, अशी उतरती रेषा त्याच्याकडून भरून घ्या आणि नंतर रोज थोडी थोडी खाली आणत जा, तक्रार येईपर्यंत. रात्री बॉयलर पूर्ण बंद करायची सवय सोडा. जागा 12 अंशांपर्यंत गार झाली तर सोमवारी सकाळी पूरक हीटर पेटतो आणि बचत तिथेच संपते. 17 पर्यंत उतरू द्या आणि उघडण्याच्या तीन-चार तास आधी तापवायला घ्या.

ऑर्डर हिवाळ्यात आणि जोडणी उन्हाळ्यात, हा क्रम ठेवा. काम थंडीत घसरलंच तर भाड्याचा फिरता बॉयलर कुठून येईल आणि त्याचे पाइप कुठे जोडायचे, हे आधी ठरवा. त्यासाठी दोन व्हॉल्व्ह जास्तीचे बसवून घ्यायला खर्च फार येत नाही. उष्णतेचं मीटर आणि यंत्राचं स्वतंत्र वीज मीटर पहिल्या दिवसापासून लावा, आणि दर सोमवारी दोन्ही रीडिंग वहीत उतरवा. पहिल्याला दुसऱ्याने भागलेला आकडा अचानक घसरला, तर बिल यायच्या आधीच कळतं.

जुना बॉयलर आणि गॅसचं मीटर पहिली कडक थंडी निघेपर्यंत काढू नका. नंतर गॅसची लाइन बंद करून घेताना तीच पुढे स्वयंपाकघराला जात नाही ना, हे पाइपावर हात ठेवून शेवटपर्यंत चालत जाऊन पाहा. आणि बॉयलरच्या खोलीतली हवेची जाळी बुजवायला सांगा, नाहीतर सगळा हिवाळा गार वारा तिथून आत येत राहतो.